पळसदेवची सुधा

सुधाकाकू खोमण्यांना भांड्यांचा नाद होता. नाद म्हणजे कसा, तर काहींना तंबाखूचा असतो तसा. सोडायचा विचार मनात येई, तो नवी पुडी उघडतानाच.

बारामतीत भिगवण रस्त्यापासून जरा आत आमची बैठ्या घरांची सोसायटी आहे. तिथं त्यांचं घर. घरात माणसं दोनच, काकू आणि नारायणराव. नारायणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा निहार आणि सून अश्लेषा पुण्यात नोकरीला, सणावाराला यायचे. म्हणजे रोजच्या स्वयंपाकाची भांडी एका पाटीत मावली असती. पण काकूंचा माळा बघितला तर वाटावं, या घरात दररोज गावजेवण उठत असणार. हा माळा आधी फक्त स्वयंपाकघरावर होता. मग तो मागच्या खोलीवर सरकला, मग न्हाणीघराकडं जायच्या बोळकांडीवर आला. नारायणराव चांगले उंच. घरातल्या घरात वावरताना त्यांना मान एका बाजूला कलती धरावी लागे. पुढं पुढं ते रस्त्यानंही तसेच चालायला लागले.

गुरुवारी बारामतीचा बाजार असतो. काकू मेथीची जुडी आणायला म्हणून जायच्या आणि मेथी ठेवायला डबा घेऊन यायच्या. कधी मेथी विसरायची, डबा कधी विसरला नाही. शिवाय दारावर बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर भांडं. जुने कपडे संपले की काकू नव्या कपड्यांकडं बघायला लागत. नारायणरावांची निरोपसमारंभाला शिवलेली पँट अशीच गेली आणि तिच्या बदल्यात चहाची गाळणी ठेवायची बशी आली.

"अहो, चेन जाम होत होती तिची," काकू म्हणाल्या.

"होत होती, पण मला घालता येत होती. ही बशी मी कुठं घालू?" नारायणराव म्हणाले.

या सगळ्या दौलतीत एक पातेलं मुख्य होतं. जाड बुडाचं, स्टीलचं, दोन बाजूंना कान, आणि इतकं मोठं की घरातल्या शेगडीवर ते बसतच नसे. ते घ्यायचं कारणही तसंच होतं. वडगाव निंबाळकरला काकूंच्या थोरल्या जाऊ हौसाबाई राहतात. गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर, आणि बोलण्यात ठसका. दोघी जावा एकदा बाजारात बरोबर असताना हौसाबाईंनी त्या पातेल्याला नुसता हात लावला. बस्स. त्यांचा हात खाली यायच्या आत काकूंनी दुकानदाराला सांगितलं, "नाव घाला." दुकानदारानं मशिनीनं टर्र टर्र करत कोरलं : सौ. सुधा ना. खोमणे, बारामती.

पातेलं घरी आलं, पुसलं गेलं आणि झाकणासकट माळ्यावर चढलं. त्यात कधी पाणीसुद्धा तापलं नाही. पण घरी कुणी पाहुणा आला, की चहा झाल्यावर काकू त्याला शिडीवर चढवून माळा दाखवत. आम्ही सगळ्यांनी तो बघितला होता. गुडघे दुखणाऱ्यांनासुद्धा सुटका नव्हती.

आणि त्याच माळ्यानं त्यांना अडचणीत आणलं.

आमच्या शेजारी राजमहंमदभाई राहतात. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा, सबिनाचा साखरपुडा ठरला. मांडव पडला, आचारी आला, पण भांडी आलीच नाहीत. ज्याच्याकडनं सांगितली होती त्याचा टेम्पो इंदापूरच्या एका लग्नात अडकून पडला होता. आचारी गेणू हा पळसदेवचा, बारीक अंगाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. तो मांडवात उलथनं हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "भाई, ढवळायला म्या तयार हाय. पण कशात ढवळू?"

राजमहंमदभाईंच्या पत्नी खतिजाभाभी तडक सुधाकाकूंच्या दारात आल्या.

"वैनी, पातेली पायजेत. परातीबी."

"माझ्याकडं कुठली आलीत गं एवढी?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

खतिजाभाभींनी फक्त वर बघितलं. काकूंनीही बघितलं. वर परातींच्या चकचकीत कडा ओळीनं खाली वाकून दोघींकडं बघत होत्या.

"मागल्या ईदला तुमीच दाखवलं की मला," खतिजाभाभी हळूच म्हणाल्या. "पाय दुखत होता तरी चढवलं हुतं."

आता नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. राजमहंमदभाई येऊन शिडीवर चढले आणि एकेक भांडं खाली येऊ लागलं. प्रत्येक भांड्याबरोबर काकू एक अट घालत होत्या. तारेची घासणी लावायची नाही. फरशीवर आपटायचं नाही. मटण शिजवलं तरी चालेल, पण तळाला लागू द्यायचं नाही. मोठं पातेलं उतरलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. पदर खोचून त्या त्याच्या मागोमाग मांडवात गेल्या, आणि मुलीच्या मावशीसारख्या त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसल्या.

गेणूनं पातेल्याच्या बुडावर टिचकी मारली. कान देऊन ऐकलं. "काकू, असलं बूड म्या आजवर बघितलं न्हाय," तो म्हणाला.

काकूंची खुर्ची तिथून जी हलली ती थेट पंगतीतच. वाढपी कमी पडत होते म्हणून त्यांनी भाताचा डाव हातात घेतला. मुलाकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी भात दुसऱ्यांदा मागितला आणि म्हणाले, दाणा न् दाणा मोकळा झालाय. काकूंना वाटलं, आजोबांना आपल्या घरचा पत्ता द्यावा. सगळे जेवेपर्यंत त्या वाढत राहिल्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा साडीला धुराचा वास होता आणि चेहरा लाल झाला होता.

"अहो," त्या नारायणरावांना म्हणाल्या, "आज माझ्या पातेल्यात भात शिजला."

जणू पातेलं एरवी दुसऱ्याच कामासाठी असतं, अशा आवाजात म्हणाल्या.

मग ही बातमी पसरली. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, काहीही असो, लोक भाड्याच्या भांड्यांऐवजी काकूंकडं यायला लागले. काकू तोंडानं कुरकुर करायच्या आणि हातानं शिडी लावायच्या. भांड्यांबरोबर त्याही जायच्या. सोसायटीत म्हणायची वेळ आली, की सुधाकाकूंना आमंत्रण नसलं तरी त्यांच्या भांड्यांना असतं. लोकांनी भांडी परत आणून दिली, की त्या प्रत्येक भांडं उजेडाला धरून फिरवत, कुठं पोचा दिसला की तीन दिवस तोंड फुगवून बसत, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कुणालातरी देत.

पौषात गेणू आला.

"काकू, मोठं पातेलं पायजे हुतं. आमच्या पळसदेवात एक कार्यक्रम हाय."

पळसदेव म्हणजे बारामतीच्या बाहेर, थेट उजनीच्या पाण्याकाठी. पातेलं इतकं लांब कधी गेलं नव्हतं. काकूंनी विचार केला आणि पातेलं दिलं, पण झाकण ठेवून घेतलं.

"झाकण राहू दे माझ्याकडं. म्हणजे आणून द्यायची तुला आठवण राहील."

झाकण ओलीस राहिलं. पातेलं गेलं ते गेलंच.

गेणूला फोन केला की तो म्हणे, रेंज न्हाय. रेंज नसताना हे कसं ऐकू येतं, असं काकूंनी विचारलं की फोन बंद. मग सीझन लई हाय, मग गाडी पंक्चर हाय. मकरसंक्रांत होऊन गेली. काकू रोज झाकण पुसून भिंतीला टेकवून ठेवत आणि त्याच्याकडं बघून त्यांचा संताप वाढे. शेवटी एका सकाळी त्या खतिजाभाभींच्या दारात उभ्या राहिल्या.

"चल. तुझ्या मांडवातनं आलेला माणूस आहे. तूच बरोबर चल."

दोघी एसटीनं भिगवणला गेल्या. तिथनं इंदापूरची गाडी धरून पळसदेवच्या थांब्यावर उतरल्या. वाटेत काकूंनी गेणूला काय काय बोलायचं ते सगळं खतिजाभाभींना म्हणून दाखवलं. ते इतकं जहाल होतं, की पुढच्या बाकावरचा माणूस आपल्यालाच बोलतायत असं समजून दुसरीकडं जाऊन बसला.

गेणूच्या घराला कडी. ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका माणसानं सांगितलं, की गेणू इंदापूरला लग्नाच्या कामावर गेलाय, आणि त्याची आई कुशाबाई पलीकडं ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांकडं असंल. बीडकडनं आलेल्या मजुरांनी उसाच्या रानाकडंला पाचटाच्या झोपड्या घातल्या होत्या, त्या ह्या कोप्या. दोघी बांधावरनं तिकडं निघाल्या. कोप्या अजून दिसायच्या होत्या, तोच पलीकडनं बायकांचे आवाज आले.

"आगं, सुधाला आधी खाली उतरवा!"

काकू थांबल्या.

"उतरत न्हाय, मावशे. लई जड झालीया."

"मग दोघी धरा. एकीनं ह्या कानाला, एकीनं त्या कानाला. आन् परवावाणी आपटू नका तिला."

काकूंचा हात आपोआप कानाकडं गेला. खतिजाभाभींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

"मावशे, आज सुधाच्या बुडाला मरणाचं चिकटलंय!"

"चिकटू दे. दुपारच्याला राख लावून चांगली घासून काढू तिला."

काकू तरातरा पुढं गेल्या. बाभळीच्या सावलीत तीन दगडांच्या चुलीपाशी त्यांचं पातेलं होतं. बाहेरनं काळंकुट्ट, आतनं खिचडीनं भरलेलं. भोवती कोपीवरची पोरंसोरं ताटल्या, डब्यांची झाकणं, कुणी तर नुसताच तळवा पुढं करून बसलेली. त्यांचे आईबाप दिवस उगवायच्या आत फडात जात ते दुपार टळल्यावर येत. तोवर या पोरांना एकदा तरी गरम खायला मिळावं म्हणून कुशाबाई आणि गावातल्या दोघीतिघी घराघरातनं तांदूळ, डाळ, तेल मागून आणून शिजवत होत्या. हाच गेणूचा कार्यक्रम. तो रोज होता.

"कोण पायजे, बाई?" कुशाबाईंनी विचारलं. गेणूची आई त्याच्यासारखीच, बारीक अंगाची आणि मोठ्या आवाजाची.

"मी बारामतीची. सुधा खोमणे."

परकर खोचलेली एक पोरगी पातेल्याजवळ गेली. काजळीतून पुसून काढलेल्या अक्षरांवरनं तिनं बोट फिरवलं, "सौ... सुधाना... खोमणे," आणि वर बघून ओरडली, "ही खरी सुधा हाय!"

पोरांनी काकूंना गराडा घातला. एकानं त्यांच्या हाताला हात लावून बघितला. कुशाबाई पुढं आल्या आणि त्यांनी वाकून नमस्कारच केला.

"गेण्या म्हनला हुता, बारामतीच्या काकूंनी पोरांसाठी पातेलं दिलंय. आमी रोज नाव घेतो तुमचं."

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या.

एसटीत पाठ केलेल्यातलं एकही वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं. ज्या बाईनं जन्मभर लोकांना शिडीवर चढवून कौतुक वसूल केलं, तिला इथं ते न मागता मिळत होतं, आणि तेही न दिलेल्या वस्तूबद्दल. दिली नाही म्हणावं तर पोरांसमोर उघडं पडायचं. दिली म्हणावं तर पातेलं जायचं. त्या पातेल्याकडं बघत राहिल्या. त्यावर एक वाकडा पत्रा टाकून वर दगड ठेवला होता. वाऱ्यानं चुलीतली राख उडून फटीतनं आत जात होती.

"हे काय?" त्या एकदम कडाडल्या. "खिचडीवर असला पत्रा ठेवतात?"

"झाकण न्हाय त्याला, ताई," कुशाबाई ओशाळून म्हणाल्या. "तुमच्याकडंच ऱ्हायलं आसंल."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"परवा पाठवते," त्या म्हणाल्या. "तोवर पत्रा तरी धुऊन ठेवा."

मग त्यांनी डाव उचलला आणि वाढायला सुरुवात केली.

परतीच्या गाडीत डाळजचा थांबा मागं पडला तेव्हा खतिजाभाभींनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "वैनी, आपण पातेलं आणायला आलो हुतो ना?"

"गप बस," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनाच हसू फुटलं. "मरणाचं चिकटलंय म्हणे!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की खतिजाभाभींना त्यांची पाठ थोपटावी लागली.

झाकण घेऊन नारायणराव गेले. ढाल धरलेल्या मावळ्यासारखे ते स्टँडवर उभे होते, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. त्यांनी गेणूलाही गाठलं. गेणू खाली मान घालून म्हणाला, "काका, पातेलं आणायला म्या गेलो हुतो. पण तवा ते भरलेलं हुतं. दुसऱ्यांदा गेलो तवाबी भरलेलं. रिकामं सापडंनाच मला."

इथं गोष्ट संपली असती, तर काकू फार मोठ्या मनाच्या म्हणून आम्ही त्यांना सोसायटीच्या हळदीकुंकवाला नारळ दिला असता. पण नाद तसा सुटत नाही. माळ्यावर पातेल्याच्या जागी जी पोकळी झाली होती, ती काकूंना येताजाता टोचायला लागली. पुढच्या गुरुवारी त्या बाजारात गेल्या आणि तसंच, उलट दोन बोटं मोठं पातेलं घेऊन रिक्षानं घरी आल्या.

ते वर ठेवलं. खाली बसून बघितलं. काहीतरी चुकत होतं. एरवी नवं भांडं आलं की त्यांना दोन-चार दिवस गोड वाटायचं. या वेळी रिक्षा गल्लीत वळेपर्यंतसुद्धा ते टिकलं नव्हतं. काकूंनी ठरवलं, पातेल्यातच खोट आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणलं. तेही तसंच. तेही बदललं. दुकानदार म्हणाला, "मावशी, सगळी एकाच कारखान्यातली आहेत हो."

"काय होतंय मला कळत नाही," त्या नारायणरावांना म्हणाल्या. "पत्रा पातळ वाटतोय."

नारायणरावांनी मान कलती करून पातेल्याकडं बघितलं. मान त्यांची कलतीच असायची. "पत्रा चांगला आहे," ते म्हणाले. "त्याला कुणी हाक मारत नाही, एवढंच."

काकू रागावल्या. पण संध्याकाळी त्यांनी ते पातेलं उचललं, दुकानात नेऊन परत केलं आणि तेवढ्याच किमतीच्या, कडेला दुमड असलेल्या थाळ्या घेतल्या. झाकणात आणि तळव्यात खिचडी घेणारी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोरनं हलत नव्हती. थाळ्यांवर नाव घालू का, असं दुकानदारानं विचारलं. काकू म्हणाल्या, "नको. सगळ्याच सुधा झाल्या तर पोरांनी कुणाला हाक मारायची?"

आठवड्यातनं एकदा पळसदेवला जायचं हे मग ठरूनच गेलं. सोसायटीतल्या बायकांनाही त्यांनी कामाला लावलं. "माळ्यावर काय आहे तुझ्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. काही बायकांनी उत्साहानं गळकी बादली, मूठ तुटलेली कढई आणून दिली. काकूंनी ती ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन ठेवली. "हे मला नको. तुला द्यायला जीवावर येतंय ते आण," असं त्या तोंडावर सांगत. दोघीतिघींनी राग धरला. एकीनं मात्र घरात जाऊन, बराच वेळ लावून, माहेरून आलेला पितळी डबा आणला आणि तो देताना हसू आणि रडू असं दोन्ही एकदम केलं. काकूंनी तिला पाणी दिलं. "पहिल्यांदा होतं असं," त्या जाणत्यासारखं म्हणाल्या.

माघात काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. निहार आणि अश्लेषा पुण्याहून आले आणि त्यांनी जाहीर केलं, की आईला दोन दारांचा फ्रिज घ्यायचा. मोबाईलवर त्याचा फोटोही आणला होता. आता खोटं कशाला सांगा, तो फ्रिज काकूंना हवा होता. कधीपासून हवा होता. दुकानात जाऊन त्यांनी त्याची दोन्ही दारं उघडून बघितली, मिटून बघितली, आतल्या दिव्याखाली हात धरून बघितला. घरी आल्यावर मात्र त्या फ्रिजचं नाव न काढता भाजी निवडत बसल्या.

"आई, रंग आवडला नाही का?" अश्लेषानं विचारलं.

"रंग छान आहे गं. पण कुशाबाईंचे डोळे धुरानं सुजलेत. ती मोठी गॅसची शेगडी असते ना, आचाऱ्याची... आणि पोरांना उन्हाची ताडपत्री."

निहार हसला. "एवढंच ना? दोन्ही करू. फ्रिज पण आणि शेगडी पण."

"दोन्ही नको."

"का?"

मेथीची काडी हातात धरून काकू म्हणाल्या, "दोन्ही केलं तर मला कळणारच नाही रे, मी काय दिलं ते."

निहार आईकडं बघत राहिला. आई दुकानातनं काही न घेता परत आली, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं. त्याला वाटलं, तब्येत बरी नसेल. अश्लेषानं त्याला कोपरानं ढोसलं आणि शेगडीची चौकशी करायला फोन लावला.

लग्नाचा वाढदिवस पळसदेवलाच करायचं ठरलं. वडगाव निंबाळकरहून हौसाबाईंना बोलावणं गेलं. "कोपीवर जेवायला? आगं, हॉल न्हाय मिळाला व्हय तुमाला?" असं त्या फोनवर म्हणाल्या. पण आल्या. पिकअपमधनं आल्या, आणि मागच्या बाजूला काहीतरी पोत्यात गुंडाळून आणलं होतं. पोतं सोडलं तर आतनं पातेलं निघालं. सुधाकाकूंच्यापेक्षा मोठं, आणि त्यावर बोटभर जाड अक्षरांत : श्रीमती हौसाबाई खोमणे, वडगाव निंबाळकर.

"एकात भात शिजला तर आमटी कशात करायची?" हौसाबाई म्हणाल्या. "म्हणून आणलं. बाकी काय न्हाय."

काकूंनी त्याच्या बुडावर टिचकी मारून बघितली. पोरांना आनंदीआनंद झाला. त्या दिवशी भात सुधात झाला, आमटी हौसात. गेणूनं नव्या शेगडीचा जाळ करून दाखवला, सबिनानं सगळ्यांना जिलेबी वाढली, आणि राजमहंमदभाईंनी ताडपत्री अशी ताणून बांधली की तिच्यावर पोरं उड्या मारायला बघत होती.

तिथनं पुढं दोघी जावांचं सुरू झालं. हौसाबाई कधी नव्हे ते पळसदेवला यायला लागल्या, आणि आल्या आल्या पहिल्यांदा शेगडीकडं बघत. "आमची हौसा आज रिकामीच का पडलीया?" कुशाबाई म्हणत, "डाळ कमी हाय, ताई." की पुढच्या खेपेला हौसाबाई डाळ घेऊन येत. ते बघून काकू तांदूळ घेऊन येत. हौसाबाईंनी दूध आणलं, की काकूंनी गूळ आणायचा. कुशाबाईंना या भांडणातलं सगळं कळत होतं आणि त्या दोघींनाही आळीपाळीनं, "गेल्या टायमाला दुसऱ्या ताईंनी लईच आणलं हुतं," असं साध्या तोंडानं सांगत होत्या. पोरांच्या गालांवर मांस चढलं.

शिमगा झाला आणि कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे उसाचा हंगाम संपायची वेळ आली. मजुरांच्या टोळ्या आपापल्या गावाला निघाल्या. दोघी जावा गेल्या त्या दिवशी कोप्या मोडलेल्या होत्या. पाचटाचे ढीग, विझलेल्या चुली, आणि बाभळीखाली एकटी सुधा, घासून पालथी घातलेली.

हौसाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. "आमची कुठं हाय?"

कुशाबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, रागवू नगा. टोळीतल्या बाया म्हनल्या, वाटंत मुक्काम पडत्याल, समद्यांचं एकात शिजल. तिकडं गावातबी पोरांना मोठं भांडं न्हाय. त्यांनी मागितली, आन् म्या हौसाला जाऊ दिलं. बीडला गेली ती."

सुधाकाकूंनी डोळे मिटले. जाऊबाईंचा ठसका त्यांना ठाऊक होता. आता इथं काय काय ऐकावं लागणार!

"बीडला?" हौसाबाई म्हणाल्या. "पार बीडला?"

"व्हय, ताई."

हौसाबाईंनी पदर सावरला. त्यांची मान हळूहळू ताठ झाली, आणि चेहऱ्यावर असं काही पसरलं की म्हशीनं पहिल्यांदा पारडी दिल्यावरही तसं पसरलं नसेल.

"ऐकलं का सुधे? आमची हौसा पार बीडला गेली. आन् तुझी हितंच ऱ्हायली व्हय गं?"

ज्या पातेल्यापायी काकू एसटीनं भांडायला आल्या होत्या, तेच कुणी पुढं नेलं नाही म्हणून आता त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी कुशाबाईंना बाजूला घेतलं. "माझं का नाही नेलं? बुडाला काही झालं का?"

"मागत हुत्या की," कुशाबाई म्हणाल्या. "म्याच न्हाय म्हनले. आता हितं उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की त्यात बुडल्यालं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघाया येत्यात. त्यास्नी पाणी पाजायला सुधा लागंल मला. आन् खरं सांगू का ताई, तिला हाक मारायची सवय झालीया."

काकूंनी ते हौसाबाईंना जाऊन सांगितलं, जरा मोठ्यानं. हौसाबाई म्हणाल्या, पाणी काय, कळशीनंबी पाजता येतं.

दोघी हमरस्त्यावरच्या थांब्यावर येऊन बसल्या. पुढच्या हंगामात काय काय लागेल, याचं दोघींनीही मनातल्या मनात सुरू केलं होतं, पण एकमेकींना सांगायला कुणीच तयार नव्हतं. गाडी आली. तिकीट कोण काढणार यावरून दारातच जुंपली. कंडक्टर कंटाळून पुढं निघून गेला. शेवटी हौसाबाईंनी सुधाकाकूंचं तिकीट काढलं, सुधाकाकूंनी हौसाबाईंचं काढलं, आणि भिगवण येईपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.